केणी विरुद्ध केणी

वकिलाशिवाय कोर्टात उभं राहू नका, असं मला एकाच व्यक्तीने सांगितलं होतं, आणि ती व्यक्ती माझी बायको असल्यामुळे मी ते ऐकलं नाही. बाकी आमच्या कांदिवलीच्या सोसायटीतल्या झाडून सगळ्यांचं मत असं पडलं की, घाडीसाहेबांसारख्या माणसाला वकील हवाच कशाला? हे मत त्यांनी आमच्याच घरी, माझ्या बायकोने केलेला चहा पीत पीत दिलं. मी आयुष्यभर विमा कंपनीत पत्रव्यवहार सांभाळला. 'उपरोक्त विषयान्वये' हे शब्द घाडींइतक्या सफाईने कोणालाच वापरता येत नाहीत, असं आमचे साहेब नेहमी म्हणायचे. ते कौतुकाने म्हणायचे की कंटाळून, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडायला लागला, पण तो वेगळा विषय आहे.

तर विषय खोलीचा. विक्रोळीला टेकडीवरच्या एका चाळीत आमची खोली आहे. माझे वडील भिकाजी घाडी गिरणीत कामाला होते, तेव्हा त्यांनी ती पागडीने घेतली. मी आणि माझा धाकटा भाऊ परेश तिथेच वाढलो. आई आम्ही शाळेत असतानाच गेली. तेव्हा गावाहून बाबांची बहीण, आमची शेवंती आत्या, 'चार दिवस पोरांचा बघतंय' म्हणून आली, ती राहिलीच. आत्याला नवरा लग्नानंतर वर्षाच्या आतच गेलेला, त्यामुळे परत जाण्यासारखं घरही तिला नव्हतं. पुढे लग्न होऊन मी कांदिवलीला गेलो, परेश मुलुंडला गेला. बाबांनी विक्रोळीच्या खोलीतच डोळे मिटले आणि आत्या तिथे एकटी राहिली.

आता ती चाळ पाडून तिथे टॉवर होणार असं ठरलं. चाळीच्या समितीचा मला फोन आला. "तुमच्या खोलीवर अजून भिकाजींचंच नाव आहे, एक कोणाचं तरी नाव लावून घ्या. नाव लागलं की करार होईल, मग आजींना तात्पुरती जागा आणि पुढे नवं घर. नाव नाही तर काहीच नाही." शेजारच्या खोल्यांतली माणसं भांडीकुंडी पोत्यात भरायला लागली होती. आमची आत्या तेवढी जागच्या जागी बसून होती, कारण तिला कुठे जायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. नाव लवकर लागलं नाही, तर चाळीवर हातोडा पडताना तिने पिशवी घेऊन कुठे उभं राहायचं, हा सगळ्या भानगडीतला खरा प्रश्न होता. तो मी पहिल्या दिवशी स्पष्टपणे ओळखला होता. नंतर तो जरा बाजूला पडला.

एक नाव लिहायचं, यात अवघड ते काय? मी एक सुंदर अर्ज तयार केला, त्यात थोरला मुलगा या नात्याने स्वतःचं नाव घातलं आणि समितीच्या टेबलावर नेऊन ठेवला. टेबलामागच्या गृहस्थांनी तो वाचला, कानामागची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "अर्ज एकदम झकास आहे. पण काल तुमचे बंधू पण असाच देऊन गेले."

मी तिथल्या जिन्यातूनच परेशला फोन लावला.

"परेश, तू खोलीला स्वतःचं नाव लावायला निघालास? मला न विचारता?"

"आणि दादा, तू काय करायला गेलायस तिथे? चहा प्यायला?"

"मी थोरला आहे."

"अरे यार, थोरला आहेस तर काय? बाबांची औषधं कोण आणायचं? ठाण्याला डॉक्टरकडे कोण न्यायचं? मी! आत्याला मी सांभाळणार आहे."

"आत्याला मी सांभाळणार आहे."

"तू? हेमांगी वहिनीला विचारलंस?"

हा घाव वर्मी बसला, कारण मी विचारलेलं नव्हतं. मी रागाने फोन ठेवला. त्यानंतर आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोललो ते फक्त लेखी. समितीने दोघांचेही अर्ज परत केले आणि सांगितलं, एकमताने या, नाहीतर कोर्टाचा कागद आणा. एकमताने जाण्यापेक्षा कोर्टात जाणं आम्हां दोघांनाही सोपं वाटलं.

इथे आमच्या वरच्या मजल्यावरचे धोंडिराम कोपर्डे आले. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाल्यापासून मोबाईलवर जगतात. पाठ दुखली की मोबाईल, लिफ्ट अडकली की मोबाईल, सुनेने बोललेलं समजलं नाही तरी मोबाईल. त्यांनी माझा फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि त्यात 'वकीलमित्र' नावाचं एक ॲप घालून दिलं.

"घाडीसाहेब, याला काहीही विचारा. हा वकील चोवीस तास जागा असतो आणि तारीख मागत नाही."

"पण बरोबर सांगतो ना?"

"अहो, एवढं नम्रपणे बोलतो, खोटं कशाला सांगेल?" कोपर्डे म्हणाले. मला हा मुद्दा पटला. आमच्या कंपनीतही नम्रपणे बोलणाऱ्या माणसावर सगळ्यांचा विश्वास असायचा आणि अफरातफर निघाली की तोच निघायचा, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

मी वकीलमित्राला विचारलं, "वडिलांच्या खोलीवर थोरल्या मुलाचा हक्क जास्त असतो का?" त्याने आधी माझं अभिनंदन केलं. म्हणाला, आपण अत्यंत महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे. असं मला घरात कोणी कधी म्हटलेलं नाही. मग त्याने सांगितलं की, या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णायक निकाल आहे, 'दत्ताराम केणी विरुद्ध यशवंत केणी'. ज्या थोरल्या मुलाने वडिलांना अग्नी दिला, तोच त्यांच्या खोलीचा नैसर्गिक वारस होय, असं न्यायमूर्तींनी त्यात ठामपणे म्हटलं आहे. खाली ग्रंथाचा खंड, पान, परिच्छेद सगळं दिलं होतं. बाबांना अग्नी मीच दिला होता. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि हेमांगीला ते वाचून दाखवलं.

"तो केणी कोण?" तिने पोळी लाटता लाटता विचारलं.

"दत्ताराम केणी."

"त्याची आत्या कुठे गेली राहायला?"

बायकांना कायद्यातलं मर्म कळत नाही, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं नाही, कारण लाटणं तिच्या हातात होतं.

यानंतर मी कोर्टाच्या खिडकीशी राबलो. अर्ज कसा द्यायचा असतो हे मला माहीत आहे, असं मला वाटत होतं. खिडकीमागच्या बाईंना तसं वाटलं नाही. पहिल्या दिवशी समास कमी निघाला. दुसऱ्या दिवशी समास पुरेसा होता, पण सूची नव्हती. सूची करून नेली तर पानांना आकडे हाताने घातले होते, ते छापून हवे होते. मग प्रतिज्ञापत्रावरच्या सहीची शाई त्यांना पसंत पडली नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "वकीलपत्र कुठाय?"

"मीच उभा राहणार आहे."

"म्हणजे पार्टी इन पर्सन," त्या म्हणाल्या आणि त्यांनी शेजारच्या टेबलाकडे अशा नजरेने पाहिलं की, त्या टेबलावरच्या माणसाने जेवणाचा डबा बंद करून माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मला वाटलं, आदराने पाहतोय.

पहिल्या तारखेला मी पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून गेलो. कोर्टाचा मान ठेवावा, एवढाच हेतू. व्हरांड्यात उभा होतो, तर एका तरुण वकिलाने फाईलमधून मान वर न करता मला तीन कटिंग चहा आणायला सांगितलं, एक बिनसाखरेचा. मी त्याला 'आपला काहीतरी गैरसमज होतो आहे' असं शुद्ध मराठीत सुनावलं. तो म्हणाला, "बरं, मग दोनच आण."

या सगळ्यात मी एकदा विक्रोळीला जाऊन आत्यालाही अर्ज वाचून दाखवला. बाहेर जिन्यात कोणाचं तरी कपाट उतरवणं चाललं होतं. आत्या पाटावर बसून कुळीथ निवडत होती. मी सगळी पानं वाचली, केणीच्या निकालाशी येऊन आवाज थोडा चढवला आणि थांबलो.

"बरां लिवलंस रे," आत्या म्हणाली. "आता माका सांग, चाळ पाडल्यार माका ऱ्हवाक खयं धाडतलंस, ता खयं लिवलंस?"

"तू माझ्याकडे येशील ना, आत्या."

"तुझ्याकडे देवघराच्या खाली झोपाक होया. परेशाकडे कपड्यांच्या दोरीखाली. आणि दोघांकडे तिखट नाय चलत. माका माझी चूल होयी, बाबा."

मी म्हटलं, ते सगळं निकाल लागल्यावर बघू. आत्या पुन्हा कुळीथ निवडायला लागली. मी निघताना तिने मला थोडे डब्यात बांधून दिले, आणि दुसरा तसाच डबा शेजारी परेशसाठी भरून ठेवलेला होता. तो पाहून मला राग आला की वाईट वाटलं, हे मला नक्की सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

त्या पहिल्या तारखेला समोर न्यायाधीश म्हणून एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता आणि तो तिथून पडत कसा नाही याकडेच माझं लक्ष जात होतं. त्यांनी माझे कागद वाचले, मग परेशचे वाचले. परेशही वकिलाशिवायच आला होता. अंगात काळा कोट नव्हता, पण माझ्यासारखाच पांढरा शर्ट आणि काळी पँट होती. आम्ही दोघे शेजारी उभे राहिलो असतो तर एखाद्या हॉटेलात कामाला असल्यासारखे दिसलो असतो, म्हणून आम्ही लांब लांब उभे राहिलो.

"श्री. विद्याधर घाडी," न्यायाधीश बाई म्हणाल्या, "तुमचं म्हणणं, केणी विरुद्ध केणी या निकालाप्रमाणे खोली थोरल्याची."

"होय, मॅडम."

"श्री. परेश घाडी, तुमचं म्हणणं, ज्या धाकट्याने वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं, खोली त्याची. आधार कशाचा दिलाय तुम्ही?"

परेशने घसा साफ केला. "केणी विरुद्ध केणी, मॅडम."

"तोच खंड, तेच पान, तोच परिच्छेद," बाई म्हणाल्या. "हे केणी फारच मोकळ्या मनाचे दिसतात. मी हा निकाल कधी वाचलेला नाही. पुढच्या तारखेला दोघांनीही त्याची प्रत घेऊन यायची."

मी घरी येऊन वकीलमित्राकडे प्रत मागितली. त्याने अतिशय नम्रपणे सांगितलं, मला प्रत देता येत नाही, पण निकाल प्रसिद्ध आहे. मग मी कोर्टाजवळच्या कायद्याच्या पुस्तकांच्या वाचनालयात गेलो. तिथले ग्रंथपाल जाडजूड खंड काढून देत होते आणि मी जिना चढून धाप लागल्यामुळे काही बोलू शकत नव्हतो. सांगितलेला खंड मिळाला, सांगितलेलं पान मिळालं. त्या पानावर उसाच्या मळीवर कर लावावा की नाही, याची मोठी चर्चा होती. मी ती सगळी वाचली. कुठेतरी केणी असेल, अशी आशा माणसाला असतेच. मग शेजारच्या टेबलावर कोणीतरी तोच खंड मागायला आलं, म्हणून मान वर केली तर परेश.

 मी खंड त्याच्याकडे सरकवला. त्याने पान उघडलं, मळी पाहिली, पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं. मग म्हणाला, "दादा, तुझा पण वकीलमित्र?"

"कोपर्डेंनी घालून दिला."

"मला ऑफिसातल्या एकाने. साला किती गोड बोलतो ना?"

"खोटं निघालं तर काय म्हणतो, विचारलंस?"

परेशने तिथल्या तिथे विचारलं. वकीलमित्र म्हणाला, क्षमस्व, आपलं निरीक्षण अगदी बरोबर आहे, असा निकाल अस्तित्वात नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. आणि लगेच त्याने धाकट्याच्या बाजूचे आणखी तीन निकाल दिले. मला एकदम हसू फुटलं. परेशलाही फुटलं. ग्रंथपालांनी दटावलं, तसे आम्ही शाळेतल्यासारखे माना खाली घालून गप्प झालो. पण ते हसू तेवढ्यापुरतंच. बाहेर पडल्यावर मला वाटलं, आता हा म्हणेल, दादा, जाऊ दे हे सगळं. त्यालाही बहुधा तसंच वाटत होतं. दोघेही वाट पाहत राहिलो आणि आपापल्या रिक्षात बसलो.

पुढची तारीख आली तेव्हा चाळीच्या टोकाच्या खोल्या पाडायला सुरुवात झाली होती. आत्या त्या दिवशी कोर्टात आली. बरोबर चाळीतल्या पाचसहा बायका होत्या, सगळ्या आमच्याच गावाकडच्या. 'तुमचा काय चलला हा ता एकदा बघतंय तरी,' असं म्हणून ती मागच्या बाकावर पदर सावरून बसली. मला तिच्याकडे बघवेना.

माझं नाव पुकारलं गेलं. मी एक उत्कृष्ट दिलगिरी तयार करून आणली होती. 'सन्माननीय न्यायालयास विनम्रपणे निवेदन की' इथून ती सुरू होत होती. मी उभा राहिलो, बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि माझं डोकं पार कोरं झालं. एक शब्द आठवेना.  आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून काय येईल ते त्याच्या हातात नसतं. माझ्या तोंडून माझ्या बापाचा आवाज आला.

आमचं आडनाव घाडी. गावी देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. म्हणजे गावावर काही संकट आलं, कोणाचं लग्न ठरलं, कोणी नवीन घर बांधलं, की घाडी देवळात उभा राहून खणखणीत आवाजात देवाला सगळं सांगतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. बाबा गणपतीत चाळीसाठी गाऱ्हाणं घालायचे. मी जन्मात कधी घातलं नव्हतं. पण ऐकलं किती असेल!

"बा म्हाराजा!" मी कोर्टात ओरडलो. "आज ही जी काय भिकाजीची दोन लेकरां तुझ्या दरबारात हात जोडून उभी ऱ्हवली हत..."

"व्हय म्हाराजा!" मागच्या बाकावरून सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या. सवयीने, दुसरं काय.

"ह्येंच्या हातसून मोबायलात बघून जो काय खोटो निकाल तुझ्या पायाकडे ठेवलो गेलो, ती चूकभूल पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी त्यात परेशचाही आवाज होता. मी वळून पाहिलं तर त्याने डोळे मिटलेले होते.

"आणि ज्या कोणी केणीन आमका ह्या वाटेक लावल्यान, त्येचो येळीच बंदोबस्त कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

 वकील माना खाली घालून खांदे हलवत होते. टंकलेखिकेने हळूच विचारलं, "मॅडम, हे पण घ्यायचं?" पट्टेवाला मागच्या बायकांना बाहेर काढायला निघाला होता. त्याला न्यायाधीश बाईंनी हातानेच थांबवलं. त्या हसल्या नाहीत. पण चष्मा मात्र एकदाचा पडला, तो त्यांनी उचलून पुसला.

"मागे बसलेल्या त्या आजी कोण?" त्यांनी मला विचारलं.

"आमची आत्या, मॅडम. वडिलांची बहीण."

"कुठे राहतात?"

"त्याच खोलीत."

बाईंनी आमचे अर्ज पुन्हा चाळले. "भिकाजी वारले, तेव्हा त्या खोलीत त्यांच्याबरोबर कोण राहत होतं?"

"मी दर रविवारी—" मी म्हणालो.

"राहत कोण होतं?"

"मॅडम, औषधं मी—" परेश म्हणाला.

"राहत, म्हणते मी."

 मागून आत्या उठली. "मी ऱ्हवतंय मा! आणि कोण ऱ्हवतलो? ह्ये दोघय पावण्यासारखे येवन जायत."

बाईंनी समोरचं एक लहानसं पुस्तक उघडलं. सर्वोच्च न्यायालयाचे खंड वगैरे काही नाही, भाड्याच्या जागांचा साधा कायदा. त्यांनी तो आम्हांला समजावून सांगितला. भाडेकरू गेला की त्याच्याबरोबर त्या जागेत राहणाऱ्या घरच्या माणसाचा हक्क आधी, बाहेर राहणाऱ्या वारसांचा नंतर. एवढंच होतं. त्यासाठी कोणा केणीला भांडायला लावायची गरज नव्हती.

"दोघांच्याही अर्जांत मी या आजींचं नाव शोधत होते," त्या म्हणाल्या. "थोरल्याने लिहिलंय, 'एक वृद्ध नातेवाईक'. धाकट्याने लिहिलंय, 'अवलंबून असलेली व्यक्ती'. त्यांना नाव आहे ना?"

मला मान वर करवेना. ज्या बाईने आम्हांला न्हाऊमाखू घातलं, दहावीच्या परीक्षेला आमच्याबरोबर जागली, बाबांचं शेवटचं सगळं केलं, तिला मी 'एक वृद्ध नातेवाईक' असं लिहिलं होतं. आणि वर मला वाटत होतं की मसुदा फार छान झालाय. मला लाज वाटली, खरोखर लाज वाटली. परेश रुमालाने नाक पुसत होता.

"खोली यांच्या नावावर करायला तुमच्यापैकी कोणाची हरकत आहे?"

"नाही, मॅडम," आम्ही एकदम म्हणालो. त्या भानगडीत आम्ही दोघे एकमताने बोललो ते हे पहिल्यांदाच.

खोट्या निकालाबद्दल दंड करता येतो, हेही बाईंनी आम्हांला नीट सांगितलं. आमच्या वयाकडे आणि आत्याकडे बघून त्यांनी तो केला नाही. दोघांनी लेखी माफी द्यायची, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत, कोणत्याही यंत्राला न विचारता. मला ती चार ओळींची माफी लिहायला अख्खी दुपार लागली. त्यात 'उपरोक्त' हा शब्द एकदाही आला नाही.

कोर्टाचा कागद घेऊन आम्ही समितीच्या टेबलाशी गेलो. मी, परेश आणि आमच्या मध्ये आत्या. तेच पेन्सिलवाले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "नाव?"

"भिकाजीची भयण," आत्या सवयीने म्हणाली. चाळीत तिला सगळे त्याच नावाने ओळखत.

"तुमचं स्वतःचं, आजी."

आत्याने जरा पदर ओढला. मग एकेक अक्षर तोलत म्हणाली, "शेवंती." गृहस्थांनी ते लिहिलं. तिने वाकून त्या कागदाकडे बघितलं. वाचायला तिला येत नाही, पण ती बराच वेळ बघत राहिली. तात्पुरती जागा म्हणून तिला पलीकडच्याच गल्लीत तळमजल्याची एक खोली मिळाली, स्वतंत्र मोरी आणि ओटा असलेली.

"आणि वारस म्हणून कोणाचं नाव लिहू?" गृहस्थांनी विचारलं.

मी एक पाऊल पुढे झालो. त्याच वेळी परेशही झाला. आमचे खांदे एकमेकांवर आपटले. आत्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आताच कोणाचा लिव नको, बाबा," ती त्या गृहस्थांना म्हणाली. "दोघांची वागणूक बघतंय आणि मगे सांगतंय."

पुढच्या रविवारी मी सकाळीच सुरमई घेऊन विक्रोळीला गेलो. वागणुकीचा प्रश्न होता. जाऊन बघतो तर परेश आधीच तिथे, पाटावर बसून कोलंबी सोलतोय, आणि आत्या ओट्याशी उभी राहून त्याला पाठीतला काळा दोरा नीट काढायला सांगतेय. मला तिने नारळ आणि खवणी दिली. मी खोबरं खवायला बसलो, तेव्हा परेश हळूच म्हणाला, "दादा, मी पापलेट पण आणलंय हां." मी म्हटलं, पुढच्या खेपेला मी काय आणतो ते बघ.

जेवायला आत्याने आम्हां दोघांना शेजारी शेजारी बसवलं. बाबांच्या बाराव्यानंतर आम्ही भाऊ असे एका पंगतीला बसलो नव्हतो. आत्याचं तिखट इतकं जहाल होतं की दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं तिखटाचं किती हे एकमेकांना विचारायची गरज नव्हती. परेशने आपल्या वाटीतली सोलकढी माझ्या वाटीत ओतली. आत्या भाताचं पातेलं घेऊन आमच्यासमोर उभी राहिली आणि तिने दोघांनाही नीट न्याहाळलं.

"वागणूक तशी बरी आसा," ती म्हणाली. "पण माझी अजून खात्री नाय. फुडल्या आयतवाराक दोघय येवा."